आईबाप, मूल आणि वेळेचा हिशेब



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी 'आईबाप आणि मूल' या विषयावर बोलावे असे पत्र आम्हांला पाठविले, तेव्हा ते चुकून आमच्या पत्त्यावर आले असावे असेच प्रथम वाटले. आमचा धंदा संघटना बांधण्याचा. मजुरी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलायला सांगितले असते तर रात्र पुरली नसती. पण मुले कशी वाढवावी हे सांगण्याचा आमचा अधिकार कोणता? शाळा आम्ही नववीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, रेल्वेच्या गर्दीच्या डब्यात आणि मजूर कचेरीच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहताना. बालमानसशास्त्राचे पुस्तक हाती धरल्याचे स्मरत नाही. शेवटी मनाशी असे ठरविले की, ज्या विषयात आपण नापास झालो आहोत त्याविषयी प्रामाणिकपणे बोलण्याचा तरी अधिकार आपल्याला आहे. म्हणून आलो.

सध्या वसंत सरून उन्हाळा तापू लागला आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे दिवस तेंदूपत्त्याचे. आपण येथे संध्याकाळी वाऱ्याला बसून व्याख्यान ऐकतो आहोत, आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या बाया उद्या पहाटेच जंगलात शिरतील. पाने तोडायची, घरी आणायची, पुडके बांधायचे आणि फडीवर मोजून द्यायचे. अशा घरातले मूल एक तर आईच्या मागे जंगलात जाते, नाही तर म्हाताऱ्या आजीजवळ राहते. पावसाळ्यात रोवणी लागली की तेच मूल बांधीच्या धुऱ्यावर झोळीत असते आणि आई गुडघाभर चिखलात परे लावीत असते. या मातांचे मुलांवर प्रेम नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु केवळ प्रेम असले म्हणजे नाते चांगले होते काय? आमच्या आजच्या बोलण्याचा प्रश्न हाच आहे.

उत्तर शोधताना आम्हांला दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याआधी स्वतःच्या घरात जावे लागते. आमची माय बिडी वळत असे. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्या काळी या भागात धानाखालोखाल गरिबाच्या चुलीला आधार कशाचा असेल तर तो बिडीचा. मायच्या मांडीवर सूप, सुपात ओलवलेली व कापलेली पाने, एका कोपऱ्यात तंबाखू, अंगठ्याजवळ धाग्याची गुंडी. पान उचलायचे, चिमटीने तंबाखू ठेवायची, वळायचे, धागा गुंडाळायचा, तोंड मुडपायचे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी मिळे ती हजारावर.

हजार बिड्या वळायला मायला दहा तास लागत. आम्ही पुढे हिशेब करायला शिकलो तेव्हा हा हिशेबही केला. दहा तासांत हजार म्हणजे तासाला शंभर, म्हणजेच दर ३६ सेकंदांना एक बिडी. आपण येथे 'दर ३६ सेकंदांना' हे शब्द सहज ऐकले. पण ज्या बाईचे मूल तिच्या पाठीशी येऊन "माय, हे पाय," म्हणते, तिने मान वळवून पाहिले, दोन शब्द बोलली, तर एक बिडी गेली. मुलाचे डोळे पुसले तर दोन गेल्या. त्याला ताप आला म्हणून मांडीवर घेतले तर सूपच खाली ठेवावे लागे. मायेचा भाव असा बाजारात ठरलेला होता, आणि तो मायला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

शहरातील सुशिक्षित माणसे म्हणतात, "घरबसल्या काम म्हणजे उत्तमच की! आई मुलांजवळ राहते." आम्हीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. परंतु जवळ असणे निराळे आणि सोबत असणे निराळे. माय दिवसभर आमच्यापासून दोन हातांवर होती, आणि दिवसभर आम्हांला मिळत नव्हती.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाची बोटे बारीक असतात. बिडीचे तोंड मुडपायला ती फार सोयीची. आम्ही शाळेतून आलो की दप्तर खुंटीला लावून मायच्या समोर बसत असू. माय वळी आणि आम्ही तोंडे मुडपीत असू. संध्याकाळी माल घेऊन सट्टेदाराकडे जायचे. मालक आणि मजूर यांच्यामधला जो कंत्राटदार, त्याला आमच्याकडे सट्टेदार म्हणतात. तो कट्टे उलगडून पाही आणि ज्या बिड्या पसंत नसतील त्या छाट म्हणून बाजूला टाकी. छाटेची मजुरी नाही. एके दिवशी त्याने आमच्या मालातून दीडशेच्या वर बिड्या छाटल्या. "तोंडं कोणी केली ही?" असे विचारून तो हसला. माय काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने आम्हांला मारले. गालावर नव्हे, बोटांवर मारले, कारण चूक बोटांची होती.

बंधूंनो, आम्ही मायची तक्रार करण्यास येथे उभे राहिलो नाही. त्या रात्री तिने स्वतः भाकर खाल्ली नाही हे आम्ही पाहिले आहे. सांगायचे ते हे की, सट्टेदार मायशी ज्या भाषेत बोले, हळूहळू त्याच भाषेत माय आमच्याशी बोलू लागली. "किती झाल्या?" "हात चालव." "ही पाय कशी केली!" आईने मुलाशी बोलावयाचे शब्द घरातून कमी कमी होत गेले आणि मुकादमाचे शब्द वाढत गेले. कामाची पद्धत अशी भिंतीतून आत येते आणि आईबाप व मूल यांच्यामध्ये येऊन बसते. पुष्कळ घरांत आपण जिला आईचा किंवा बापाचा तापट स्वभाव म्हणतो, ती खरोखर हजारावर ठरलेली मजुरी असते.

कायद्याने या बाबतीत काय केले? १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कामाचे तास, रजा, बायकांसाठी पाळणाघर अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. पण तास आणि पाळणाघर यांना कारखान्याचे छप्पर लागते. आणि अनेक ठिकाणी झाले असे की, छपराखालचे काम कमी होऊन ते घराघरांत वाटले गेले. ज्या बाईचे घर हाच कारखाना, तिच्यासाठी पाळणाघर कोठे बांधणार? १९८६ च्या बालकामगार कायद्यात बिडी करणे हे मुलांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत घातले गेले. परंतु कुटुंबाच्या मदतीने जेथे काम चालते त्या जागेस ती मनाई लागू नव्हती. म्हणजे मुलासाठी कारखान्याचे दार बंद झाले आणि घराचे उघडे राहिले. आम्ही ज्या दाराआड बसलो होतो ते दार हेच.

या सर्वांत मायने एक गोष्ट मात्र केली, ती सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. तिचे हात कामात, डोळे पानावर. पण कान मोकळे होते. ती आम्हांला म्हणे, "बाबू, आज शाळेत काय शिकवलं ते म्हण." आम्ही तोंडे मुडपता मुडपता पाढे म्हणत असू, कविता म्हणत असू, गुरुजींनी सांगितलेली गोष्ट सांगत असू. माय निरक्षर होती. तरी चार दिवसांनी तीच कविता म्हणताना आमचा एक शब्द चुकला तर ती मान वर न करता म्हणे, "तसं नाही, परवा निराळं म्हणला होतास." आम्ही चकित होत असू. आपले बोलणे कोणीतरी ऐकते, लक्षात ठेवते, चार दिवसांनी परत देते, याचा मुलाला जो धीर वाटतो तो आम्हांला मायने दिला. आज आम्ही हजार माणसांपुढे न घाबरता बोलतो, त्याचे मूळ कोणत्याही वक्तृत्वस्पर्धेत नाही. ते त्या सुपापाशी आहे.

अशीच एक मोठी गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आमच्या या भागाशी संबंध आला तो १९५४ साली. त्या वर्षी लोकसभेच्या भंडारा पोटनिवडणुकीत ते उभे राहिले आणि पराभूत झाले. आमच्या वाडवडिलांनी त्यांना येथे मत दिले किंवा दिले नाही, ते असो. आम्हांला आज त्यांच्या वडिलांविषयी बोलावयाचे आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे निवृत्तिवेतनावर जगणारे गृहस्थ. मुलांची आई, भीमाबाई, १८९६ मध्येच वारली होती. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. खोली एक, माणसे अनेक, अभ्यासाला जागा नाही. तेव्हा वडिलांनी युक्ती काढली. मुलाला लवकर झोपवायचे, आपण मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारापर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपण झोपायचे. मुलाला पुस्तक हवे आणि हातात पैसा नाही, तर विवाहित मुलींकडे जाऊन दागिना मागून आणायचा, गहाण टाकायचा, आणि निवृत्तिवेतन आले की सोडवून परत करायचा.

या गोष्टीकडे आपण बहुधा त्यागाची गोष्ट म्हणून पाहतो. आम्हांला तीत आणखी काही दिसते. सुभेदारांजवळ मुलाला देण्यासारखे काय होते? पैसा नव्हता, जागा नव्हती. त्यांनी आपली झोप दिली. हे करण्यासाठी त्या मुलाला नेमके काय हवे आहे याकडे रोज बारीक लक्ष असावे लागते. केवळ "शिक, मोठा हो" असे म्हणणारे बाप पुष्कळ असतात.

आणि पितापुत्रांचे सर्व बाबतीत एकमत होते असेही नाही. १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्यास नोकरीवर गेले, ते वडिलांच्या मनाविरुद्ध. तेथे थोडेच दिवस झाले आणि वडील आजारी असल्याची तार आली. मुलगा गाडीत बसला. सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तो मुंबईस पोहोचला तेव्हा सुभेदार अखेरच्या घटका मोजीत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. ज्याचे ऐकले नाही त्याच बापासाठी एवढ्या घाईतही मिठाई घ्यावीशी वाटते, हे नाते आज्ञाधारकपणावर उभे नव्हते. मूल आपले ऐकते की नाही, यावरून आपण नात्याची परीक्षा करतो. आपण त्याचे ऐकले होते की नाही, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

रक्ताच्या संबंधाने नाते आपोआप येते अशीही आपली एक समजूत असते. कवी नारायण सुर्वे यांचे उदाहरण घ्या. १९२६ च्या सुमारास मुंबईत गिरणीजवळ रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. त्यांनी व काशीबाईंनी ते घरी नेले, आपले नाव दिले, शाळेत घातले. दोघेही मजुरीवर जगणारी माणसे. त्या मुलाने पुढे १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा काव्यसंग्रह दिला, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. परंतु तो मोठा कवी झाला नसता, गिरणीतच राहिला असता, तरी गंगाराम आणि काशीबाईंचे करणे तितकेच मोलाचे ठरले असते. मूल मोठेपणी काय झाले यावरून आईबापांना गुण देण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

आता आम्ही ज्या विषयात नापास झालो तो सांगतो.

मायचे हाल आम्ही विसरलो नाही. वयाच्या विशीत संघटनेच्या कामात पडलो ते त्याचमुळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुटीची मागणी १८८४ पासून लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती पदरात पडली, ही हकीकत आम्ही शेकडो सभांतून सांगितली आहे. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, या मागणीसाठी जगभर माणसांनी रक्त सांडले हेही सांगितले. १९४६ मध्ये आपल्या देशात कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला, त्यामागे बाबासाहेबांचे मजूरमंत्री म्हणून केलेले काम होते, हेही सांगितले. "हे आठ तास कशासाठी?" असे आम्ही सभेत विचारत असू आणि आम्हीच उत्तर देत असू, "आपल्या लेकराबाळांसाठी!" टाळ्या पडत.

टाळ्या घेऊन आम्ही रात्री अकराला घरी येत असू. मुलगी झोपलेली असे. सकाळी ती उठण्यापूर्वी मिलच्या फाटकावर हमालांची पाळी गाठायची असे. रविवार? रविवारीच तर सभा. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार आम्ही आमच्या घरी कधी येऊ दिला नाही.

मुलगी तिसरीत असताना शाळेत 'माझे वडील' या विषयावर निबंध झाला. तिला पहिला क्रमांक मिळाला. आम्ही वही पाहिली. "माझे वडील हे शोषितांचे कैवारी व कामगारांचे आधारस्तंभ आहेत," अशी सुरुवात होती. आम्हांला धन्य वाटले. कार्यालयात नेऊन चार जणांना वाचून दाखविले. एका म्हाताऱ्या हमालाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊ, हे तर आपल्या मोर्चाच्या पत्रकातलं आहे." खरेच होते. पोरीला बापाविषयी लिहायचे होते आणि घरातले काही आठवेना, म्हणून तिने कपाटावरचे पत्रक उतरविले. आम्ही हसलो आणि ती गोष्ट तेथेच सोडली.

पुढच्या वर्षी आमगावच्या रस्त्यावर फटफटीवरून पडून आमचा पाय मोडला. महिनाभर खाटेवर. नेमकी त्याच महिन्यात मजुरीवाढीची बोलणी होती. ती आमच्यावाचून झाली आणि आमच्या मते पडती झाली. तो महिना आमच्या हिशेबात बुडीत खात्यात गेला.

आज ती मुलगी नागपूरला परिचारिका आहे. मागच्या दिवाळीत घरी आली होती. जेवताना तिची आई सहज म्हणाली, "तुझ्या लहानपणी हे कधी घरात नसायचे." ती म्हणाली, "असं कसं? बाबांचा पाय मोडला होता ना, तेव्हा होते की!" आणि मग ती त्या महिन्याविषयी बोलत राहिली. शाळेतून आली की खाटेच्या कडेला बसायची, वर्गात कोण कोणाशी भांडले, बाईंनी कोणाला उभे केले, मैत्रिणीच्या घरी मांजरीला पिले किती झाली, सगळे सांगायची. आम्ही काय बोललो हे तिला आठवत नव्हते. आम्हांलाही आठवत नाही. आम्हांला जाण्यासारखे कोठे नव्हते म्हणून आम्ही ऐकत होतो, एवढेच. तिच्या सबंध बालपणात बाप म्हणून तिच्याजवळ जमा आहे तो एक महिना, आणि आम्ही तो बुडाला म्हणून लिहिला होता.

मायचे हात, डोळे, दिवस सगळे दुसऱ्याच्या ताब्यात होते. तिने कान आमच्यासाठी राखला. आमचे हात मोकळे होते, दिवस आमचा होता. आम्ही कान सर्व जिल्ह्याला दिला, घरी दिला नाही. हा फरक आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळला.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सांगतो, आणि त्या दोन्ही एकत्र घ्याव्या अशी विनंती आहे. पहिली: ज्याला उसंत नाही त्याला पालकत्वाचा उपदेश करू नका. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम केले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी आयांना दोष दिला नाही. जेथे मूल होते तेथे, त्याच्या अंगणात, गुरे चारतो त्या कुरणात, शाळा नेली. आपल्यालाही असे पुष्कळ करता येईल. या सभागृहात धानाच्या मिलचे मालक आहेत, दुकानदार आहेत, घरी मोलकरीण ठेवणाऱ्या भगिनी आहेत. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईचे मूल शाळेतून किती वाजता घरी येते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल तर उद्या विचारा. रोवणीच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत अंगणवाडी बाया परत येईपर्यंत उघडी राहावी आणि त्या जादा वेळेचा मोबदला सेविकेला मिळावा, ही मागणी आम्ही करणार आहोत. तिच्यावर आपल्या सह्या हव्यात.

दुसरी गोष्ट आमच्यासारख्यांसाठी, ज्यांना थोडीबहुत उसंत आहे. पूर्वी आम्ही समजत होतो की वेळ मिळाला की नाते आपोआप सुधारते. तसे होत नाही. मिळालेला वेळ आम्ही सभेत घालविला, दुसरा कोणी दुकानात घालवील, तिसरा हातातल्या मोबाईलमध्ये. मुलाला रोज काही वेळ असा हवा की ज्यात त्याला काही शिकवायचे नाही, त्याचे गुण तपासायचे नाहीत, "हात चालव" म्हणायचे नाही. तो सांगेल ते ऐकायचे, आणि चार दिवसांनी त्यातले एखादे आपल्याला आठवले पाहिजे. आमच्या मायला दर ३६ सेकंदांना एक बिडी वळीत हे जमत होते.

मुलगी आता दर रविवारी फोन करते. पूर्वी आम्ही "बरी आहेस ना? ठेवतो," म्हणून तो ठेवीत असू. आता रविवारची सभा सकाळी घेतो आणि संध्याकाळ मोकळी ठेवतो. ती इस्पितळातल्या पाळ्यांच्या गोष्टी सांगते, आम्ही ऐकतो. बुडालेला हिशेब याने भरून निघणार नाही हे आम्हांला कळते. पण मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, त्या म्हाताऱ्या पेशंटचं मी तुम्हांला सांगितलं होतं का?" आम्ही म्हणालो, "हो, ज्याचा मुलगा दुबईला आहे तो." ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग पुढचे सांगू लागली.